खाऱ्या रस्त्यावरची फटफटी

मी फटफटी. कागदावर माझं नाव मोटरसायकल असं आहे, आणि ज्यांनी मला घडवलं त्यांनी माझ्या टाकीवर आपलं नावही रंगवलं होतं. पण पनवेलमध्ये माझी अठरा वर्षं गेली, आणि तिथे लहानमोठे सगळे मला फटफटीच म्हणत आले. मलाही ते आवडतं. ते माझ्याच आवाजावरून पडलेलं नाव आहे.

माझा जन्म १९४२ सालचा, विलायतेतला. लढाई चालू होती. कारखान्यातले पुरुष लढायला गेले होते, म्हणून मला जोडलं ते बहुतेक बायकांच्याच हातांनी. मला हिरवा रंग दिला, खोक्यात घातलं आणि बोटीत चढवलं. अवजारांच्या पेटीत मेणकापडात गुंडाळलेलं एक पुस्तक ठेवलं. त्या पुस्तकात माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं वेळापत्रक होतं. किती मैलांनी तेल बदलायचं, किती मैलांनी साखळी धुवायची, कधी काय उघडायचं, कधी काय आवळायचं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी हिंदुस्थान पाहिला होता की नाही, कोण जाणे.

लष्करात मी टपालाची थैली नेत असे. तिथे पुस्तक कुणी उघडलं नाही. दर शुक्रवारी शिट्टी वाजली की सगळ्या गाड्यांचं तेलपाणी व्हायचं, गाडीला त्याची गरज असो वा नसो. लढाई संपली आणि आमची गरज संपली. कल्याणच्या लष्करी डेपोत आम्ही रांगेने उभ्या राहिलो, आणि १९४९ साली मला काशीराम पाटणकरांनी विकत घेतलं.

काशीराम हे देवीडॉक्टर. म्हणजे खरे डॉक्टर नव्हेत. जिल्हा लोकल बोर्डाच्या वतीने गावोगाव जाऊन मुलांना देवी टोचायच्या, हे त्यांचं काम. पनवेलपासून उरणच्या रस्त्यापर्यंतची खाडीकाठची गावं त्यांच्याकडे होती. सडपातळ बांधा, चष्मा, खिशाला लावलेलं पेन आणि कमालीचा नेमका स्वभाव. त्यांची बायको भामा सरकारी दवाखान्यात सुईणीचं काम करायची. तिला सगळे नर्सबाई म्हणत. तिची पेटी मांडीवर आणि ती माझ्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून, असा आमचा प्रवास असे. तो एका वस्तीत मुलांना टोचायचा, ती दुसऱ्या घरात गरोदर बाईला तपासायची, आणि मी वडाखाली गार होत उभी राहायची.

काशीरामने माझं पुस्तक पहिल्याच आठवड्यात शब्दकोश घेऊन वाचून काढलं. रात्री जेवण झालं की तो भामाला मोठ्याने वाचून दाखवायचा, त्यामुळे मलाही कळलं की माझ्याबद्दल काय लिहिलंय. पहिल्या पानावर एक वाक्य होतं. पुढे दिलेले सर्व आकडे सामान्य परिस्थितीसाठी आहेत. मला फार कुतूहल वाटलं. सामान्य परिस्थिती म्हणजे कुठली? तिथला रस्ता कसा असतो? भामानेही नेमकं तेच विचारलं होतं. काशीराम पुढचं पान वाचू लागला.

त्याच्या या नेमकेपणाला कारण होतं. टोचल्यानंतर आठव्या दिवशी परत जाऊन मुलाच्या दंडावरचा फोड पाहायचा असतो. तो उठला नसेल तर पुन्हा टोचायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वाडीत त्याचा तो आठवा दिवस चुकला. होडी मिळाली नाही, म्हणून तो पंधराव्या दिवशी गेला. सात मुलांना टोचलेलं लागलंच नव्हतं, आणि त्या वर्षी देवी त्या वाडीत आल्या. त्यानंतर काशीरामने आयुष्यात कुठली तारीख चुकवली नाही. माझीही नाही.

पुस्तकात लिहिलं होतं, दर दोन हजार मैलांनी इंजिनाचं डोकं उतरवून आतली काजळी खरवडावी. आकडा दोन हजारांवर आला आणि येणाऱ्या रविवारी काशीरामने अंगणात सतरंजी टाकून मला उघडलं. मी तेव्हा अगदी मजेत चालत होते. शेजारीपाजारी बघायला जमले. त्याने प्रत्येक नट कागदावर क्रमांक घालून मांडला, काजळी खरवडली, सगळं परत जोडलं, एकही नट उरला नाही. पण डोक्याखालची तांब्याची पत्री एकदा दाबली गेली की दुसऱ्यांदा नीट बसत नाही. दुसऱ्या दिवशी मी फुसफुसू लागले आणि चढावर धापा टाकू लागले.

म्हणून मला बंदराच्या रस्त्यावर कमरुद्दीनच्या दुकानात नेलं. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, बाहेर होड्यांची इंजिनं आणि पंप मांडलेले. कमरुद्दीन पनवेलचाच. बावीस वर्षं आगबोटीच्या इंजिनखोलीत तेल घालण्याचं काम करून तो घरी परतला होता. अंगाने दणकट, दाढी पिकलेली, बोलणं कमी. त्याने मला चालू केलं, एक लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. सात वर्षांच्या आयुष्यात माझं म्हणणं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं.

त्याने पत्री काढली, भट्टीत लाल होईपर्यंत तापवली आणि पाण्यात बुडवली. तांबं मऊ झालं, पत्री पुन्हा घट्ट बसली. मग त्याने काशीरामला विचारलं, की गाडी धड चालत असताना ती उघडायला कुणी सांगितलं होतं. काशीरामने पुस्तक दाखवलं. कमरुद्दीनला इंग्रजी येत नव्हतं, पण पुस्तकाकडे त्याने पाहिलं ते एखाद्या आगंतुक पाहुण्याकडे पाहावं तसं. यंत्र स्वतःच सांगतं, असं त्याचं म्हणणं. ऐकणारा पाहिजे.

त्या दिवसापासून दोघांचा वाद सुरू झाला आणि दोस्तीही. रविवारी सकाळी काशीराम मला घेऊन दुकानात जायचा. कमरुद्दीनची बायको अमिरुन्निसा आतून चहा पाठवायची. एक म्हणायचा, मैल मोजा. दुसरा म्हणायचा, कान द्या. मी दोघांच्या मध्ये उभी. मला दोघांचंही पटायचं, आणि यातलं नक्की खरं कुणाचं याची उत्सुकता माझ्याइतकी कुणालाच नसेल, कारण वाद माझ्याच अंगावर चालला होता.

१९५३ च्या हिवाळ्यात मिठागरं सुरू झाली. गव्हाणकडच्या वस्त्यांवर जायचं तर उरणच्या रस्त्याने जाऊन पुढे मिठागराच्या बांधावरून दोन मैल. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला मिठाचे चकचकीत वाफे. हवेत मीठ, धुळीत मीठ. ते माझ्या साखळीत गेलं, तारांत गेलं, आणि मैल मोजणाऱ्या मीटरमध्येही गेलं. वेगाचा काटा नीट हलायचा, पण मैलांचे आकडे अडखळत फिरू लागले. दहा मैल गेले की आकडा तीन-चारच पुढे सरकायचा. काशीराम आकडा पाहायचा, वहीत लिहायचा आणि निश्चिंत असायचा. इंजिनाचं तेल कधी तपासायचं तेही या आकड्यावरच ठरलेलं होतं.

एका रविवारी कमरुद्दीनने सहज माझ्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. आत बोट घातलं, चोळून पाहिलं, वास घेतला. तेल जळलंय आणि कमीही झालंय, आजच बदला, असं त्याने सांगितलं. काशीरामने वही उघडली. मागच्या वेळेपासून फक्त तीनशे दहा मैल झाले होते, हजार व्हायला अवकाश होता. कमरुद्दीनने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"डाक्टरसाहेब," तो म्हणाला, "वहीला वास येत नाही."

काशीराम हसला. त्याने तेल बदललं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी गव्हाणहून निरोप आला. बळीराम नावाचा मिठागरावर काम करणारा आगरी, त्याची बायको रंभा पहिलटकरीण होती आणि ती सकाळपासून अडली होती. काशीराम आणि भामा लगेच निघाले. माझ्या आत काय चाललंय ते मला कळत होतं. पिस्टन तापत होता, फुगत होता. मी कुरकुरले, पण वाऱ्यात ते काशीरामला ऐकू गेलं नाही. त्याला ऐकायची सवयही नव्हती. गव्हाण तीन मैलांवर राहिलं असताना पिस्टन नळीत घट्ट अडकला आणि मी जागच्या जागी थांबले.

भामाने पेटी डोक्यावर घेतली आणि उन्हातून चालू लागली. मागे काशीराम. मी रस्त्याच्या कडेला तशीच. संध्याकाळी दोघं बैलगाडीतून परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं. रंभा वाचली होती. मूल वाचलं नव्हतं.

भामा म्हणाली, की वेळेवर पोचलो असतो तरी ते वाचलं असतं असं कुणीच सांगू शकत नाही. तिने हे एकदाच सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. काशीराम मात्र दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन रस्त्यावरचे मैलांचे दगड मोजत गेला. परत येऊन त्याने वहीतला हिशेब दगडांशी ताडून पाहिला. तीनशे चौदा मैल म्हणून त्याने जे लिहिलं होतं, ते खरे हजाराच्या वर होते. त्याने वही मिटली, पुस्तक पुन्हा मेणकापडात बांधलं आणि माळ्यावर टाकलं. कमरुद्दीनकडे जाऊन तो म्हणाला, की यापुढे तुम्ही सांगाल तसं.

कमरुद्दीनने माझा पिस्टन घासून गुळगुळीत केला, मला पुन्हा चालतं केलं. पुढची दोन वर्षं मी त्याच्या कानावर आणि बोटांवर जगले. ती फार सुखाची वर्षं होती. त्याने मला विनाकारण उघडलं नाही. आवाजात जरा फरक पडला की त्याला आधी कळायचं. तेलाचा रंग पाहून तेल बदलायचं, प्लगचा रंग पाहून हवा-पेट्रोल कमीजास्त करायचं. पनवेलमधले इतर गाडीवालेही आता त्याला विचारायला येऊ लागले, आणि काशीराम अभिमानाने सांगायचा, की आमच्या गाडीला पुस्तक लागत नाही.

पण माझ्या अंगात सगळंच बोलणारं नाही. इंजिन बोलतं, साखळी बोलते, चाकाच्या बेअरिंगमधल्या गोळ्या घासल्या की त्याही बोलतात. पायाच्या ब्रेकपासून मागच्या चाकापर्यंत एक दांडी जाते, आणि तिच्या टोकाला करंगळीच्या अर्ध्याएवढी पिन असते. ती पिन खारात झिजत होती. रोज थोडी, केसाहूनही कमी. ती आवाज करत नव्हती, तापत नव्हती, तिला वास नव्हता. मला ते जाणवत होतं, पण सांगणार कशी? आणि ब्रेक तर शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम लागत होता.

१९५५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. कमरुद्दीन मला तपासायला म्हणून एक चक्कर मारायला निघाला. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर समोरून भाताची गाडी आडवी आली. त्याने ब्रेकवर पाय दिला. पिन तुटली, दांडी सुटून रस्त्यावर घासत गेली आणि त्याचा पाय रिकाम्या ब्रेकवर तसाच खाली गेला. पुढचा ब्रेक एकटा पुरला नाही. गाडीवानाला वाचवायला त्याने मला मिठाच्या वखारीच्या भिंतीकडे वळवलं. भिंत आणि मी यांच्या मध्ये त्याचा उजवा पाय सापडला.

पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. दोन महिने प्लास्टर, आणि पुढे काठी कायमची.

माझ्यापुरतं म्हणायचं तर पुढचं चाक वाकलं, दिवा फुटला. ते सगळं दुरुस्त होणारं होतं. पण शेडमध्ये उभी असताना मी तोच एक विचार करत होते. ज्याने माझं सगळं ऐकलं, त्यालाच मी पाडलं.

आठ दिवसांनी काशीरामने माळ्यावरून पुस्तक काढलं. सहाव्या पानावर ते होतं. दर हजार मैलांनी ब्रेकच्या दांड्यांच्या पिना काढून पाहाव्यात, झिजलेल्या दिसल्यास बदलाव्यात. तो पुस्तक घेऊन कमरुद्दीनच्या घरी गेला. शेड आणि घर यांच्यात एकच भिंत होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. त्याने ते वाक्य मराठीत वाचून दाखवलं. पुस्तक माळ्यावर मीच टाकलं होतं, एवढंच तो म्हणाला.

कमरुद्दीनने ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. आतापर्यंत त्याची समजूत अशी होती, की हे पुस्तक कुणा साहेबाने टेबलाशी बसून लिहिलंय.

"इथे कुणीतरी पडलंय, डाक्टरसाहेब," तो शेवटी म्हणाला. "उगाच कोण पिनेबद्दल लिहील? हे पडलेल्या माणसाचं लिहिणं आहे. आता पहिल्या पानापासून वाचा."

मग रोज संध्याकाळी वाचन सुरू झालं. जवळजवळ महिना चाललं. कमरुद्दीन खाटेवर, काशीराम स्टुलावर, अमिरुन्निसा दारात बसून सुपारी कातरतेय, आणि दवाखान्यातून येता येता भामाही थांबायची. प्रत्येक वाक्यावर कमरुद्दीन प्रश्न विचारायचा. हे का लिहिलं असेल? तिथे धूळ कशी असेल? त्यांचं तेल थंडीत घट्ट होत असेल, आपलं उन्हात पातळ होतं, मग हजार मैल कसे चालतील? कधी तो हसायचा, कधी बराच वेळ छताकडे बघत पडून राहायचा. काशीराम पेन्सिलीने समासात लिहीत जायचा. तेल हजारावर नाही, सहाशेवर. साखळी मैलांवर नाही, बांधावरून आलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायची, मग तेल द्यायचं. डोकं आवाज बसल्याशिवाय उघडायचं नाही. पिना मात्र पुस्तकात आहे तशाच, त्यात एक मैलाचीही सूट नाही. आणि मैल मोजायचे ते दगडांवरून.

त्या महिनाभरात ऐकता ऐकता माझं बरंचसं कुतूहल शमलं. जे बोलू शकतं त्याच्यासाठी कान होता. जे मुकं आहे त्याच्यासाठी तारीख लागते. दोघांना हे आधी का सुचलं नाही, असं मी विचारणार नाही. मला तरी कुठे सुचलं होतं?

कमरुद्दीन काठी घेऊन दुकानात येऊ लागला, त्याने माझं चाक सरळ केलं, नवी पिन आणि दुसरा दिवा बसवला, पण मला किक मारणं त्याला जमेना. काशीराम दिवसभर गावोगाव सायकलने फिरायचा. मग मला चालवून बघणार कोण? भामा म्हणाली, मी बघते. अमिरुन्निसा हसून हसून दमली. काशीरामने आधी लोक काय म्हणतील असं म्हटलं, मग स्वतःच मोकळ्या शेतात तिच्या मागे धावला. कमरुद्दीन बांधावर काठी टेकून बसायचा आणि ती जवळून गेली की विचारायचा, काय ऐकू आलं. पहिल्या दिवशी तिला फक्त स्वतःचं काळीज ऐकू आलं होतं. पंधरा दिवसांत ती सांगू लागली, की वळताना उजवीकडून टकटक येते. येत होतीच.

१९५६ चा माघ. पौर्णिमेची सकाळ. काशीराम कचेरीच्या कामाला अलिबागला गेला होता. दवाखान्याच्या दारात बळीराम येऊन उभा राहिला. रंभा पुन्हा गरोदर होती हे भामाला ठाऊक होतं. तिच्या नोंदवहीत रंभाची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. मागच्याच भेटीत तिने तपासून सगळं ठीक असल्याचं लिहिलं होतं.

बळीरामने सांगितलं, की सखूबाईने त्याला पाठवलंय. सखूबाई म्हणजे गव्हाणची जुनी सुईण, तिला लिहितावाचता येत नव्हतं. तिने पहाटे रंभाच्या पोटाला हात लावला होता.

"ती म्हनते आजच हाय, बाय," बळीराम म्हणाला. "नि पोर आडवा हाय म्हनते. मागच्या टायमाला आमी लय वाट बघली. या टायमाला नको."

भामाने नोंदवही उघडली, तारखेवर बोट ठेवलं, आणि उभी राहिली. एस. टी. दुपारी होती. ती सरळ दुकानात आली. कमरुद्दीनने ऐकून घेतलं आणि वहीत काय लिहिलंय ते विचारलं.

"वहीत तीन आठवडे आहेत," ती म्हणाली. "पण हात सखूबाईंचा लागलाय, माझा नाही. मी जाते, चाचा."

कमरुद्दीन काठी बाजूला ठेवून कसाबसा जमिनीवर बसला. त्याने आधी माझ्या दोन्ही पिना चाचपल्या, मग तेल पाहिलं, मग मला चालू करायला लावून कान दिला. पाण्यात इंजिन बंद पडू द्यायचं नाही, एवढं त्याने तिला बजावलं. भामाने काष्टा खोचला, पेटी बळीरामच्या हातात दिली आणि त्याला मागे बसवलं. बाजारातून आम्ही गेलो तेव्हा दुकानदार फळीवरून उठून बघत होते. तिचं कुणाकडे लक्ष नव्हतं. ती ऐकत होती.

आम्ही बांधाशी पोचलो तेव्हा दुपार व्हायला आली होती. पौर्णिमेचं उधाण. खाडी भरून बांधावरून वाहत होती, कमरेएवढं नाही, पण घोट्याच्या बरंच वर. बांधाची कड दिसत नव्हती. बळीराम म्हणाला, की दीड तासात पाणी उतरेल. भामाने मला चालूच ठेवलं आणि पाण्याकडे पाहत राहिली. मग तिने त्याला उतरायला सांगितलं.

बळीराम पेटी डोक्यावर घेऊन पुढे चालला, पायांनी बांध चाचपत. त्याच्या पाठीवर नजर ठेवून भामा मला पहिल्या गिअरमध्ये हळूहळू मागे नेत होती. माझ्या नळीच्या तोंडाशी पाणी येऊन बुडबुडे निघत होते. श्वास सोडणं थांबलं असतं तर पाणी आत शिरलं असतं. तिच्या मुठीने मला तो थांबू दिला नाही; आवाज जरा दबला की ती तेवढंच पेट्रोल वाढवायची. दोन ठिकाणी चाक घसरलं. तिने पाय पाण्यात टेकवला आणि पुन्हा उचलला.

पलीकडे कोरडी जमीन लागली आणि बळीराम पुन्हा मागे बसला. लगेच जोरात जायचा मोह कुणालाही झाला असता. भामा सुरुवातीला ब्रेक किंचित दाबून धरून हळू चालवत राहिली. पाण्यातून आल्यावर ब्रेक असा सुकवावा, हे अकराव्या पानावर आहे. पुढच्याच वळणावर मिठाच्या गोणी घेऊन बैलगाडी उभी होती, आणि मी जिथे थांबायला हवं होतं तिथे थांबले.

झोपडीबाहेर शेवग्याला टेकून मी उभी होते. माझं तापलेलं लोखंड निवताना टिक टिक करत होतं. आतून सखूबाईचा आवाज, मग भामाचा, मग बराच वेळ काहीच नाही. बळीराम माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याने नकळत माझ्या सीटवर हात ठेवला आणि लगेच उचलला, जणू परवानगी विचारायची राहिली होती. मग पुन्हा ठेवला.

आतलं सगळं मला नंतर भामाच्या बोलण्यातून कळलं: सखूबाईने बाहेरून पोटावर हात फिरवत मूल वळवलं होतं, भामा नळी लावून त्याचे ठोके मोजत होती. मुलगी झाली. ती लगेच रडली नाही. भामाने तोंड पुसलं, पाठ चोळली, उलटी धरली. मग ती रडली. बळीराम तिथेच मातीत खाली बसला.

नंतर हात धुताना सखूबाईने भामाला विचारलं, की तुझ्या वहीत तर अजून दिवस होते ना. भामाने होते म्हणून सांगितलं. मग आलीस कशी? तुम्ही हात लावून सांगितलंत म्हणून, भामा म्हणाली. म्हातारीने ओले हात पदराला पुसले.

"मना पन शिकव तुजी वही," ती म्हणाली. "दिवस कसे मोजतस ते. सगल्याच पोटांचा हाताला नाय समजत."

सखूबाई लिहायला शिकली नाही. पण भामाच्या सांगण्यावरून ती गावातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या नावाची एक दोरी खुंटीला बांधू लागली आणि दर सोमवारी तिला एक गाठ मारू लागली. भामा गेली की दोघी त्या गाठी मोजायच्या. दोरीची गाठ आणि वहीची तारीख जुळली नाही, की दोघी मिळून बाईला तपासायला जायच्या.

ओहोटी लागल्यावर आम्ही परतलो. कमरुद्दीन दुकानात बादल्या भरून वाट पाहत बसला होता. काय झालं ते त्याने भामाच्या चेहऱ्यावर वाचलं आणि माझ्यावर गोडं पाणी ओतायला सुरुवात केली.

त्यानंतरची वर्षं साधी गेली. कमरुद्दीन १९६२ साली तापाने गेला. शेवटच्या पावसाळ्यातही तो खुर्ची टाकून माझ्याजवळ बसायचा, आणि नवीन काही कळलं की काशीरामला समासात लिहायला सांगायचा. समास भरून गेला तेव्हा काशीरामने कोरे कागद शिवले. पुढे काशीराम निवृत्त झाला, मग भामाही. या वर्षी, म्हणजे १९६७ साली, दोघं चिपळूणला भामाच्या भावाकडे राहायला निघाली आहेत. तिथल्या घाटात मला नेण्यात अर्थ नाही, हे दोघांनाही कळतं.

काल उरणकडचे महादेव मला बघायला आले. द्रोणागिरीच्या पायथ्याशी कोळ्यांची सोसायटी आहे, तिचे ते सेक्रेटरी. भामा पुस्तक आणि शिवलेले कागद त्यांच्या हातात देऊन त्यांच्याशी दोन तास बोलत होती. काशीराम मध्येच आत जाऊन चष्मा पुसून आला. महादेव गेल्यावर भामाने माझ्या टाकीवरून पदराने धूळ पुसली. रोज पुसायची तशीच, वेगळं काही नाही.

उद्या मी जाईन. माझा रंग उडालाय, दिवा दुसऱ्याच गाडीचा आहे, पण छाती अजून चांगली आहे. जिथे जातेय तिथला रस्ता मी पाहिलेला नाही. तिथे म्हणे वाळू जास्त आणि वाराही जास्त. ती वाळू माझ्यात कुठून शिरेल, माझं काय आधी झिजेल, हे मला माहीत नाही, पुस्तकाला नाही, आणि भामालाही नाही. ते शोधून काढावं लागेल. मला त्याची भीती वाटत नाही, उत्सुकता वाटते.

महादेवराव, तुम्हाला एवढंच सांगायचंय. पहिले काही दिवस मला सावकाश चालवा. आणि पेन्सिल जवळ असू द्या.